हार घातलेला सर्व्हर

तिरुनेलवेली,
२ सप्टेंबर

चि. कोदैनायकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कंपनीचा कागद काल आमच्या मॅनेजरसाहेबांनी माझ्या टेबलावर आपटला. म्हणाले, "तिल्लैनायगम, खाली सही करा. नुसती सही. वाचत बसू नका." सत्तावीस वर्षं मी या रुग्णालयाचे सर्व्हर सांभाळतो आहे. न वाचता सही एकदाच केली, लग्नाच्या नोंदवहीत. म्हणून वाचला.

कागद एक पानाचा. वर गणपतीची खूण नाही, ते सोड, चेन्नईत ती पद्धत गेली असेल. मथळा असा: 'सर्व्हर देखरेख सॉफ्टवेअर: यंत्राच्या गरजा'. खाली दोन रकाने, एक 'किमान' आणि एक 'शिफारस'. किमान रकान्यात प्रोसेसर चार, मेमरी आठ जीबी, डिस्कवर मोकळी जागा साठ जीबी. शिफारशीत याच्या चौपट. शिफारशीचा रकाना कोणी वाचत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. खानावळीच्या भिंतीवर 'सावकाश चावून खा' असं लिहितात, त्याच जातीचा तो रकाना.

गंमत बघ. आमचा सर्व्हर आजारी पडतोय का, यावर लक्ष ठेवणार तुमचं सॉफ्टवेअर. आणि त्यासाठी त्याला हवी सर्व्हरची अर्धी मेमरी. पहारेकरी ठेवला तर तो दारातच म्हणतो, आधी अर्धं घर माझ्या नावावर करा, मग चोरांचं बघू. नाकापेक्षा मोती जड तो हा.

अळगप्पन साहेबांना, म्हणजे आमच्या मॅनेजरना, यातलं काही ऐकायचं नाही. त्यांना टीव्ही हवा आहे. दर्शनी दालनात भिंतीएवढा टीव्ही लागलाही. त्यावर आमचे सर्व्हर हिरव्या दिव्यांनी झळकणार आणि विजयादशमीला विश्वस्त येऊन फीत कापणार. हे गृहस्थ सात वर्षांत सर्व्हरच्या खोलीत एकदाही आलेले नाहीत. थंडी बाधते म्हणे.

विचारायचं आहे ते एवढंच. 'मेमरी आठ जीबी' यातल्या आठाच्या डोक्यावर एक तारका छापली आहे. तारका दिसली की पानाच्या तळाशी टीप शोधायची, हे तू तिसरीत असताना मीच तुला शिकवलं होतं. तळाशी पाहिलं. टीप नाही. मग ती तारका काय म्हणते?

कागदावर लिहितो आहे, कारण इथली मेल मॅनेजरच्या नजरेखालून जाते. तूही कागदावरच लिही. त्या पानावर 'विभागप्रमुख, ग्राहक सिद्धता' अशी तुझी पाटी वाचली. आनंद वाटला. सिद्धता म्हणजे काय ते समजलं नाही, पण आनंद वाटला.

काकूला नमस्कार. हलवा बसने पाठवला आहे.

तुझा,
तिल्लै अण्णा


चेन्नई,
७ सप्टेंबर

तिल्लै अण्णांना नमस्कार.

हलवा पोचला. अम्माने तो तांदळाच्या डब्यात लपवला आहे आणि मला सापडलेला नाही असं तिला वाटतं.

तुमची तारका म्हणजे छपाईत राहून गेलेली घाण आहे. मूळ पुस्तक चौऱ्याण्णव पानांचं. ते ना मॅनेजर वाचतात, ना डॉक्टर. म्हणून मी त्याचं एका पानाचं सार केलं. आमच्या मोठ्या साहेबांनी ते पान बैठकीत उंच धरून दाखवलं, "याला म्हणतात काम!" त्या पानावर माझी पाटी आली ती अशी. आणि माझा भाऊ त्या पानावर काय शोधतो? तर एक ठिपका.

अण्णा, रागावू नका, पण गरजा कोणाच्या तपासायच्या? तुमच्या खोलीत प्रत्येक यंत्राच्या कपाळाला चंदन-कुंकू. उंबऱ्यावर लिंबू. आणि तो मोडीत काढलेला खटारा, ज्याला तुम्ही 'आजोबा' म्हणता आणि दर आयुधपूजेला चालू करून झेंडूचा हार घालता! अम्मा सगळ्या नातेवाइकांत सांगते, "आमचा तिल्लै भंगाराच्या पाया पडतो." असा माणूस मला टिपा विचारतो आहे.

सोपं गणित सांगते. आम्हाला हवेत आठ. तुमच्या मुख्य सर्व्हरला आहेत सोळा. पुरे. सही करा.

अठरा रुग्णालयांचं काम माझ्याकडे आहे. सतरा सह्या आल्या. जी अठरावी अडली ती माझ्या चुलत भावाची. ऑफिसात लोक जेवताना हसतात, "कोदै, घरचा उंबरठा ओलांडवेना का?" दिवाळीच्या आत अठरा झाले नाहीत तर ही पाटी दुसऱ्याच्या दारावर जाईल. माझ्यासाठी एवढं करा.

कोदै


तिरुनेलवेली,
१५ सप्टेंबर

चि. कोदै,

तुझी ती छपाईतली घाण मला सापडली. रुग्णालयाच्या नावाने मागणी केली, तर तुमच्या गोदामातून पूर्ण पुस्तक चारच दिवसांत आलं. पाठवणाऱ्याने वर चिकटवलेल्या चिठ्ठीत विचारलं होतं, "खरंच हवंय का?" एकाहत्तरावं पान. आठाच्या डोक्यावर तीच तारका, आणि तळाशी टीप: 'ही मेमरी केवळ या सॉफ्टवेअरसाठी. त्या यंत्रावर दुसरं कोणतंही काम चालू नसावं.'

म्हणजे यंत्र रिकामं हवं. आमचं रिकामं नाही. त्याच्या सोळापैकी चौदा रोज वापरात असतात. रक्तपेढी त्यावर, लॅबचे अहवाल त्यावर, कोणत्या खाटेला कोणतं औषध हेही त्यावर. त्याचा भार वाटून घ्यायला दुसरा सर्व्हर सहा वर्षं मागतो आहे. अळगप्पन म्हणतात, "या वर्षी बजेट नाही." टीव्हीला होतं.

तुला वाटेल म्हातारा पुस्तकी बोलतो. म्हणून रविवारी सकाळी, लॅबला आधी सांगून, कागदी पावत्या तयार ठेवून, मी एक साधा प्रोग्राम लावून सर्व्हरची चार जीबी मेमरी अडवून धरली. चारच, तुमच्या निम्मी. सहाव्या मिनिटाला लॅब थांबली. अकराव्या मिनिटाला जेबमणी सिस्टर खोलीच्या दारात, कमरेवर हात.

"सार, पोरगी टेबलावर आहे आणि तुमच्या पडद्यावर नुसतं चाक फिरतंय. रक्तगट कोण सांगणार मला? हे लिंबू?"

मी लगेच सोडवलं. पावती होतीच, काही बिघडलं नाही. पण तिने जाताना लिंबाकडे आणि माझ्याकडे सारख्याच नजरेने पाहिलं.

सोमवारी मॅनेजरकडे गेलो. बोलणं झालं ते जसंच्या तसं देतो.

"आठ हवेत, सोळा आहेत. सोळा मोठे की आठ?"

"सोळा, साहेब. पण चौदा वापरात आहेत."

"मग वापरू नका."

माणसाच्या बोलण्याला उत्तर असतं. फळ्याला काय देणार?

मग त्यांनी सांगितलं की आयुधपूजेच्या आधी सही झाली नाही तर मला कपड्यांच्या भांडारात पाठवतील. चादरी, उशांचे अभ्रे. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. मी इथून हललो तर या यंत्राची नाडी ओळखणारा इमारतीत दुसरा कोणी नाही, हे त्यांना समजत नाही, कारण नाडी ही गोष्ट टीव्हीवर दिसत नाही.

आणखी एक. लहानपणी आमच्या ओसरीवर बसून तू गणितं उतरवायचीस, आणि पान संपलं की शेवटची ओळ सोडून द्यायचीस. विचारलं तर म्हणायचीस, "मावली नाही." एका पानाचं सार तूच केलंस, असं तुझंच पत्र सांगतं.

त्यात काय मावलं नाही, कोदै?

तिल्लै अण्णा


चेन्नई,
१९ सप्टेंबर

श्री. तिल्लैनायगम यांस,

आपलं पत्र मिळालं. आपले आक्षेप वाचले. आपण केलेला प्रयोग कंपनीच्या पद्धतीत बसत नाही, त्यामुळे त्याचे निष्कर्ष धरता येत नाहीत.

आता कोदै म्हणून लिहिते. तुमच्या अळगप्पन साहेबांचा फोन आला होता. मी त्यांना सांगितलं, यंत्र पात्र आहे. तोंडी नाही, लेखी पाठवलं. तेव्हा तुमची सही ही आता केवळ सभ्यता उरली आहे.

तुम्हाला टिपेचं काही पडलेलं नाही, अण्णा. तुम्हाला भीती वाटते. यंत्रावर यंत्र लक्ष ठेवायला लागलं, तर त्या थंड खोलीत स्वेटर घालून बसलेल्या माणसाचं काय काम? सत्तावीस वर्षं तुम्ही पंख्याच्या आवाजावरून ताप ओळखता म्हणून सगळे तुम्हाला मानतात. आता तो ताप भिंतीवरच्या टीव्हीवर शिपायालाही दिसेल. खरं दुखणं हे आहे, आणि त्याला तुम्ही तारकेचं नाव देता. जगात कुठल्याच गरजा-पत्रकाप्रमाणे यंत्रं नसतात. सगळे सह्या करतात, सगळीकडे चालतं. सतरा माणसं मूर्ख आणि एक तिल्लैनायगम शहाणा, असं असेल तर हे शहाणपण भांडारात शोभेल. तिथे चादरी मोजा. त्या तरी तुमचं ऐकतील.

तिसरीतल्या गणिताची आठवण काढलीत. मी आता चौतीस वर्षांची आहे.

कोदैनायकी


तिरुनेलवेली,
२७ सप्टेंबर

चि. कोदै,

सही केलेली नाही. आदेश आला. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापासून भांडार. तुमची माणसं सरस्वतीपूजेच्या, म्हणजे आयुधपूजेच्याच दिवशी सॉफ्टवेअर बसवायला येणार आहेत. त्या दिवशी हत्यारं खाली ठेवायची, कामाला लावायची नाहीत, एवढं तरी तुमच्या मद्रासी पोरांना घरून माहीत असेल. नसेल तर नसो.

लेखी पाठवलंस ते बरं केलंस. लिहिलेलं सापडतं.

मला खोलीतल्या कशालाही हात लावायचा नाही आणि आलेल्या लोकांशी बोलायचं नाही, असं आदेशात आहे. फक्त पूजेला परवानगी आहे, कारण ती दुसऱ्या कोणाला येत नाही. तेव्हा यंदाची पूजा मीच करीन. चंदन सगळ्यांना लावीन, आणि हार दरवर्षी जिथे घालतो तिथेच घालीन.

काकूच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तिल्लै अण्णा


चेन्नई,
१४ ऑक्टोबर

तिल्लै अण्णांना नमस्कार.

झालं! तुमच्या सहीवाचून झालं. अळगप्पन साहेबांनी फोटो पाठवला. टीव्हीसमोर विश्वस्त सिवगामी अम्माळ, हातात कात्री, मागे सगळं हिरवंगार. फोटो मी अम्माला दाखवला. ती म्हणाली, "तिल्लै कुठे दिसत नाही?" मी म्हटलं, ते फोटो काढत असतील.

आता ऐका. काही पडलं? कोसळलं? रक्तपेढी थांबली? बसवायला आलेल्या इनियनने अहवाल पाठवला आहे: तीन तासांत काम पूर्ण, एकदाही अडथळा नाही. रोजचे आकडे माझ्यासमोर येतात. अठरा रुग्णालयांत तुमचा सर्व्हर सगळ्यांत निरोगी आहे! मेमरीवर ताण नाही, प्रोसेसर निवांत, डिस्क मोकळी. फक्त त्याची तारीख पंधरा वर्षं मागे होती, ती इनियनने दुरुस्त केली. सत्तावीस वर्षं नाडी बघणाऱ्या माणसाला घड्याळ लावायचं राहून गेलं, एवढंच म्हणते.

साहेबांनी बैठकीत तुमचा आलेख भिंतीवर दाखवला. "याला म्हणतात आदर्श ग्राहक." मी टाळ्या ऐकल्या आणि मला तुमचं पत्र आठवलं. चौदा वापरात, दोनच मोकळे. आकडे फुगवून सांगायची तुमची सवय नव्हती. वयाबरोबर येत असेल.

भांडारात कसं चाललंय? खरं सांगायचं तर त्याचं वाईट वाटतं. पण तुम्ही हट्ट केलात.

अम्माचा गुडघा तसाच आहे.

कोदै


तिरुनेलवेली, कपड्यांचं भांडार,
२० ऑक्टोबर

चि. कोदै,

इथे उबदार आहे. स्वेटर घरी ठेवला. नऊशे बारा चादरी, त्यातल्या चाळीस फाटक्या. इथे किमान आणि शिफारस असे रकाने नाहीत. चादर एक तर खाटेला पुरते किंवा पुरत नाही.

आता आदर्श ग्राहकाची हकीकत ऐक.

पूजेच्या दिवशी मी पहाटे अंघोळ करून खोली पुसली. सगळ्या यंत्रांना चंदन-कुंकू लावलं. कोपऱ्यातल्या आजोबांची धूळ झटकली, त्यांना वर्षातून एकदा चालू करतो तसं चालू केलं, आणि झेंडूचा मोठा हार घातला. पोरांसाठी चुरमुरे आणि उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल मांडून ठेवलं. मग खुर्चीत हात जोडून बसलो. हत्यारं खाली ठेवलेली, तोंडाला आदेशाचं कुलूप.

नऊ वाजता तुझा इनियन आला, सोबत दोघं. आणि त्यांच्यामागे, गळ्याला मफलर गुंडाळून, साक्षात अळगप्पन! सात वर्षांत पहिल्यांदा.

इनियनने विचारलं, "सार, यातला मुख्य सर्व्हर कुठला?"

पोरगा चांगला आहे, विचारलं माझ्याकडे बघून. मी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाले, "त्यांना नका विचारू, ते आता खात्यात नाहीत. मी सांगतो ना!" आणि त्यांनी खोलीभर नजर फिरवली. नऊ यंत्रं, सगळी काळी, सगळ्यांच्या कपाळी कुंकू. एकाच्याच गळ्यात हार.

तू आमची माणसं ओळखतेस. आयुधपूजेला बसच्या डेपोत सगळ्यांत मोठा हार कोणाला? नव्या कोऱ्या बसला. गिरणीत? मोठ्या इंजिनाला. तेव्हा मॅनेजरसाहेबांनी छाती पुढे काढून बोट दाखवलं.

"दिसत नाही का? हार कोणाला घातलाय ते बघा!"

इनियनने किमान रकान्याशी ताडून पाहिलं. आजोबांचे प्रोसेसर चार. मेमरी बरोबर आठ. डिस्क मोकळी, कारण त्यात काही नाहीच. पोरगा खूश होऊन म्हणाला, "तंतोतंत बसतंय सार, जणू याच्यासाठीच कागद केलाय." मग त्याने केबल जोडली, सुंडल खाल्लं, तीन तास काम केलं आणि मला नमस्कार करून गेला.

तेव्हा तुझ्या टिपेला पात्र असं आमच्या आख्ख्या रुग्णालयात एकच यंत्र होतं, कोदै. जे काहीच काम करत नाही. त्याच्यावर तुमचा पहारेकरी बसला आहे, आणि तो ज्या घराचा पहारा करतो त्या घरात कोणी राहत नाही. चोर येणार कुठून? टीव्ही हिरवा आहे तो म्हणून. विश्वस्तांनी फीत कापली ती म्हणून. तुझ्या साहेबांनी भिंतीवर लावला तो आलेख एका मेलेल्या माणसाच्या नाडीचा आहे. तिच्यात चढउतार नाही, म्हणून टाळ्या.

मला बोलायची मनाई होती, मी बोललो नाही. हात लावायची मनाई होती, पूजेपलीकडे लावला नाही. खोटं काही केलं नाही. पण मौनानेही माणूस काही तरी करतोच, एवढं मला समजतं, आणि त्याचा हिशेब मी माझ्याशी करीन. खरा सर्व्हर तसाच चालू आहे, चौदा जीबीवर धापा टाकत. जेबमणी सिस्टर दुपारी चादरी न्यायला येते आणि हळूच सांगते, "सार, आज पंखा खरखरतोय." मी सांगतो काय करायचं ते. ती करते.

तू मला भीती वाटते म्हणालीस. वाटते. पण स्वतःसाठी नाही वाटत आता. अठरा जागी तुझा कागद गेला. त्यातल्या एका जागी एक मूर्ख मॅनेजर आणि एक झेंडूचा हार होता म्हणून काही बिघडलं नाही.

उरलेल्या सतरा जागी हार नाही, कोदै.

तिल्लै अण्णा


चेन्नई,
३ नोव्हेंबर

अण्णा,

हे पत्र चार वेळा लिहिलं.

टीप मी काढली. छपाईत राहिली नाही, राहून गेली नाही. मी काढली. पान भरलं होतं, तळाशी कंपनीचं चिन्ह यायचं होतं, आणि टीप दोन ओळींची होती. मी ती काढली आणि तारका पुसायची विसरले. मावली नाही, अण्णा. तुम्ही विचारलंत तेव्हाच मला आठवलं होतं, आणि मी तुम्हाला लिंबावरून हसले.

आणखी एक सांगायचं आहे, ते सांगायला जास्त कठीण आहे. मी तुम्हाला चौदा तारखेला 'काही पडलं?' असं विचारलं. त्या वेळी माझ्या टेबलावर तक्रार पडलेली होती. आठव्या रुग्णालयाची, तीन ऑक्टोबरची. सॉफ्टवेअर बसवल्यावर तिथली लॅब चाळीस मिनिटं बंद होती. बाळंत होणाऱ्या एका बाईला दुसरीकडे हलवावं लागलं. बाई आणि मूल दोघंही सुखरूप आहेत, हे मी तीनदा फोन करून विचारलं. तक्रारीवर मी शेरा लिहिला होता, 'ग्राहकाचं यंत्र अयोग्य'. आणि मग तुम्हाला ते पत्र लिहिलं.

तुमचं उत्तर आल्यावर मी दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी अठराही रुग्णालयांना लेखी कळवलं की आमचा कागद अपुरा होता, सॉफ्टवेअर वेगळ्या, रिकाम्या यंत्रावरच चालवावं, आणि ते यंत्र कंपनी देईल. मोठे साहेब म्हणाले, "दोन ओळींसाठी अठरा यंत्रं?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "हे पत्र कोणाला विचारून पाठवलं?" मी म्हटलं, तिसरीत शिकवणाऱ्याला.

पाटी गेली. आता मी त्याच विभागात आहे, खिडकीपासून लांबच्या टेबलावर. नवा विभागप्रमुख इनियन आहे. पोरगा चांगला आहे, तुम्ही म्हणालात तसा. तुमच्या सुंडलची अजून आठवण काढतो.

नवा कागद सोबत आहे. दोन पानांचा झाला. दुसऱ्या पानावर फक्त टिपा आहेत. सातवी मी स्वतः लिहिली: 'मुख्य यंत्र कोणतं हे ते रोज हाताळणाऱ्यालाच विचारावं.' इनियनला तिथे हाराचंही काही लिहायचं होतं. मी नको म्हटलं.

तुमच्याकडे नवं यंत्र या आठवड्यात पोचेल.

मी त्या पत्रात चादरी मोजा म्हणाले होते. ते वाक्य परत घेता येत नाही, कारण तुम्हीच म्हणता, लिहिलेलं सापडतं.

तुमची,
कोदै


तिरुनेलवेली, कपड्यांचं भांडार,
१५ नोव्हेंबर

चि. कोदै,
अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. दोन्ही पानं वाचली. सातवी टीप दोनदा वाचली. बाकी सहा ठीक आहेत.

यंत्र आलं, रिकामं आणि चकचकीत. तुमच्या पोरांनी या वेळी भांडारात येऊन मला विचारलं, मग त्यावर पहारेकरी बसवला आणि त्याला आमचा खरा सर्व्हर दाखवला. सोमवारी सकाळी टीव्ही लागला आणि भिंत लाल झाली. तुमच्या सॉफ्टवेअरला एवढं मानतो मी: पोटाला दिलं आणि खऱ्या माणसासमोर उभं केलं, की खरं बोलतं. अळगप्पनपेक्षा ते गुणी आहे.

नेमक्या त्याच वेळी सिवगामी अम्माळ इथे दाखल असलेल्या भावजयीला बघायला आल्या. काठी टेकत टीव्हीसमोर थांबल्या.

"हे लाल लाल काय आहे, अळगप्पा?"

"अम्मा, ते... दिवाळीची रोषणाई."

"दिवाळी होऊन दोन आठवडे झाले."

"काढायची राहिली, अम्मा."

म्हातारी ऐंशीची आहे, पण कापडाच्या पेढीवर वाढलेली. तिने जेबमणी सिस्टरला बोलावलं. सिस्टरने सगळं सांगितलं: मेमरी भरलेली, सहा वर्षं मागणी पडून, आणि ज्याला यातलं कळतं तो खाली चादरी मोजतोय. म्हातारी एवढंच म्हणाली, "मग मी फीत कशाची कापली?" अळगप्पननी खोकला काढला. खोलीतली थंडी बाधली असावी.

उद्यापासून मी परत माझ्या खोलीत. नव्या मेमरीची मागणी गेली आहे, यायला तीन आठवडे लागतील. तोवर सर्व्हर लाल राहणार आणि टीव्हीही, आणि ते बरोबरच आहे. आजोबांना पोरांनी बंद करून पुन्हा कोपऱ्यात ठेवलं. त्यांची तारीख इनियनने पुढे आणली आहे, ती तशीच राहू दिली.

तुझ्या सप्टेंबरातल्या त्या चादरींच्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, देत नाही. पाटी गेली त्याचं वाईट वाटून घेऊ नको. पाटी वाचून मला तू काय करतेस ते कळलं नव्हतं. दुसरं पान वाचून कळलं.

आता शेवटची गंमत. आत्ता तासाभरापूर्वी भांडारात फोन वाजला. मॅनेजरसाहेब.

"एक मोठी चादर पाठवा. पांढरी. स्वच्छ असू द्या."

"कुठल्या वॉर्डला, साहेब?"

"दर्शनी दालनात."

"रुग्ण कोण?"

मग म्हणाले, "टीव्हीवर टाकायची आहे. धूळ बसते."

पाठवली. भांडारातली माझी शेवटची नोंद ती. चादर एक, मोठी, फाटकी नाही. वहीत कारणाचा रकाना बोटभर रुंद आहे, त्यात काय लिहिणार? म्हणून तिथे एक तारका काढली आणि पानाच्या तळाशी टीप लिहिली: 'चादरीखाली जे दिसतं ते खरं आहे.'

दोन ओळी झाल्या. मावल्या.

तुझा,
तिल्लै अण्णा